कोणत्या कलमाखाली, साहेब?

मी श्रावण पाळतो. त्यात श्रद्धा किती आणि सवय किती, हे विचारू नका. आई पाळायची म्हणून मी पाळतो, आणि गटारीला हात मारून घेतला की पुढचा महिना वरणभात आणि अळूच्या फदफद्यावर मजेत निघतो. १५ ऑगस्ट २०२५ हा शुक्रवार श्रावणातलाच होता. त्या दिवशी आमच्या घरात मटण शिजण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही, १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून पुढचे चोवीस तास कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश कल्याण-डोंबिवली महापालिकेने काढल्याचं वाचलं, तेव्हा मला राग आला. ते न खाणं माझं होतं. ते कुणीतरी परस्पर आपल्या नावावर करून घेतलं, असं वाटलं.

त्याच सुमारास नागपूर, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर इथूनही तशाच बातम्या आल्या. कल्याणात खाटीक समाजातून विरोध झाला. जितेंद्र आव्हाडांनी त्या दिवशी मटणाची पार्टी करण्याचं जाहीर केलं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले की आषाढी एकादशीला, महावीर जयंतीला दुकानं बंद ठेवली तर समजू शकतं, स्वातंत्र्यदिनाला कशाला? मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की कोण काय खातो यात सरकारला रस नाही, हा १९८८ पासून चालत आलेला निर्णय आहे. मग गणपती आले आणि विषय मिटला. मिटला म्हणजे फायलीत गेला. अशा फायली दरवर्षी पुन्हा उघडतात.

पुन्हा उघडेल तेव्हा तुम्ही-आम्ही नेमकं काय करायचं, एवढ्यापुरता हा लेख आहे. मांसाहार बरा की वाईट, हा वाद ज्याला घालायचाय त्याने तो पंगतीत घालावा.

एक झेरॉक्स

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या चिकनवाल्याकडे असाच एक कागद आला होता. पालिकेचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी कागद तोच असतो. मी पाव किलो खिमा घ्यायला उभा होतो. स्वच्छता निरीक्षक आले, काउंटरवर कागद ठेवला आणि म्हणाले, उद्या बंद.

कागद झेरॉक्सची झेरॉक्स होता. वर ‘जा. क्र.’ छापलेलं, पुढची जागा कोरी. तारीख बॉलपेनने घातलेली. विषय ठळक अक्षरात. आणि ‘संदर्भ’ या शब्दापुढे लिहिलेलं होतं: मा. आयुक्त यांचे तोंडी आदेश. खाली सही, सहीच्या आधी ‘करिता’. कायद्याचं नाव नाही, कलम नाही, ठरावाचा क्रमांक नाही.

“कोणत्या कलमाखाली, साहेब?” मी विचारलं.

“वरून आलंय,” ते म्हणाले.

मी म्हटलं, हरकत नाही, एक प्रत सही-शिक्क्यानिशी दुकानदाराला द्या. ते म्हणाले, आणून देतो. आले नाहीत.

इथे मला विजयाची गोष्ट सांगता आली असती, पण तशी ती घडली नाही. दुकान दुसऱ्या दिवशी बंदच राहिलं. “काका, तुमचं बरोबर आहे,” चिकनवाला म्हणाला, “पण मार्चमध्ये परवाना नूतनीकरणाला मलाच जायचंय.” त्याचं गणित चुकीचं नव्हतं. दंड एकदा भरून सुटता येतं. परवाना अडकला की वर्षभर खेटे घालावे लागतात.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं: सदर आदेश अभिलेखात आढळून येत नाही. म्हणजे ज्या आदेशामुळे दुकान बंद राहिलं, तो पालिकेच्या दप्तरात कधी निघालाच नव्हता. पुढच्या वर्षी त्याच दिवसासाठी कागद आला. या वेळी जावक क्रमांक होता, आणि ‘बंद ठेवावीत’च्या जागी ‘बंद ठेवण्याचे आवाहन करण्यात येत आहे’ असं होतं.

या दोन वाक्यरचनांमधलं अंतर ज्याला कळलं, त्याचं अर्धं काम झालं.

कागदाची उतरंड

पालिकेला अधिकार नाहीत, असं म्हणत भांडायला जाऊ नका. पहिल्या मिनिटाला हराल. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. शहरांच्या स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत, आणि अठरावा विषय कत्तलखाने आणि कातडी कमावण्याचे कारखाने यांच्या नियमनाचा आहे. तेव्हा जनावर कुठे कापलं जातं, तपासलं जातं का, रक्त आणि आतडी गटारात जातात की नाही, दुकानाला जाळी आणि थंड ठेवण्याची सोय आहे का, हे सगळं पालिकेने बघायलाच हवं. नाही बघितलं तर आपणच तक्रार करू. त्या अठरा विषयांत तुमचं ताट मात्र नाही.

शिवाय पालिका ही कायद्याने जन्माला घातलेली संस्था आहे. मुंबईची १८८८ च्या स्वतंत्र कायद्याने, बाकीच्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने, नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमाने चालतात. तुम्हा-आम्हाला जे मना केलेलं नाही ते करता येतं. पालिकेचं उलटं असतं. कायद्याने जे करायला सांगितलंय किंवा करू दिलंय, तेवढंच तिला करता येतं. म्हणून ‘कोणत्या कलमाखाली’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो विचारल्यावर समोरचा चिडला, तर उत्तर नाही असं समजायला हरकत नाही.

आता हातात आलेला कागद वाचायचा कसा? सगळ्यात वर कायदा. तो विधिमंडळ करतं. त्याखाली नियम, ते सरकार करतं. त्याखाली उपविधी, म्हणजे पालिकेने स्वतः केलेले नियम. १९४९ च्या अधिनियमात कलम ४५८ मध्ये उपविधी कशाकशासाठी करता येतात याची यादीच आहे. पण उपविधी एका रात्रीत होत नाही. मसुदा सभेपुढे येतो, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, सरकारची मान्यता लागते. एवढं झाल्यावर त्याच्या भंगाला दंड लावता येतो. त्याखाली सभेचा ठराव, त्याखाली आयुक्तांचा आदेश किंवा परिपत्रक, आणि सगळ्यात खाली आवाहन. आवाहन न मानणं हा गुन्हा नाही. कुणी तुम्हाला सौजन्याने काही सुचवलं आणि तुम्ही सौजन्याने नाही म्हणालात, एवढंच.

नुसता ठराव काय करू शकतो, याचं एक नामी उदाहरण मुंबईचं आहे. २०१३ मध्ये महापालिकेच्या सभेत दुकानांबाहेरच्या अंतर्वस्त्रं घातलेल्या पुतळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव झाला. स्त्रियांवरच्या अत्याचारांना असे पुतळे कारणीभूत ठरतात, असा युक्तिवाद होता. जगभर बातमी झाली. पुढे ते पुतळे जागचे हलले नाहीत, कारण पुतळ्याने काय घालावं हे ठरवणारं कलम पालिकेच्या कायद्यात कुणाला सापडलं नाही.

कल्याण-डोंबिवलीचा आदेश त्या मानाने बरा बांधलेला होता. त्याला आधार होता: राज्य सरकारचं १९८८ चं परिपत्रक आणि पालिकेचा त्याच वर्षीचा ठराव. म्हणून तिथे प्रश्न वेगळा विचारावा लागतो. ३७ वर्षांपूर्वीचा तो ठराव कत्तलखान्यापुरता होता की दुकानांसाठीही? त्यात १५ ऑगस्ट होता का? मधल्या काळात तो दरवर्षी पाळला गेला का? आणि आणखी एक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवलीत नगरसेवकच नव्हते. सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती, कारभार प्रशासकाच्या हाती होता. ठराव करणारं, तो बदलू शकणारं, रद्द करू शकणारं सभागृह अस्तित्वात नसताना त्याचा जुना ठराव काढून अंमलात आणला गेला. हे बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्या पाच वर्षांच्या मतदानाला जिथे सुट्टी होती, तिथे तुमच्या ताटालाही एक दिवसाची सुट्टी मिळाली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपली बाजू आधी तपासा

व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली आपण पुष्कळ काही खपवतो. दादरच्या कबुतरखान्याचं बघा. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत झाली, दादरला ताडपत्री घातली गेली, ऑगस्टमध्ये लोकांनी ती ताडपत्री फाडली. दाणे घालणं ही माझी श्रद्धा आहे, पालिका कोण, असा त्यांचा सवाल होता. पण कबुतरांची विष्ठा आणि पिसं शेजाऱ्याच्या खिडकीत जातात, आणि त्यातून फुप्फुसाचा आजार होतो हे वैद्यकात जुनं ज्ञान आहे. तिथे पालिका माझ्या श्रद्धेत लुडबुड करत नाही, शेजाऱ्याच्या छातीची काळजी घेते. पद्धतीवर भांडा, अधिकारावर नको.

कसोटी अगदी घरगुती आहे. माझ्या निवडीचा धूर, घाण, आवाज, रोग किंवा अडथळा दुसऱ्याच्या दारात जातो का? जात असेल तर पालिकेने यावं. कुत्र्याचा परवाना आणि रेबीजची लस सक्तीची हवीच. कुत्रा देशी की परदेशी, एक की दोन, हे मी बघेन. बाल्कनीत झाड लावायचं की कपडे वाळत घालायचे, हे माझं. कुंडी खालच्याच्या डोक्यावर पडणार नाही अशी बसवणं, हे सगळ्यांचं. आणि कुणाला दिसतं, वास येतो, भावना दुखावतात, एवढ्यावर काही बंद करायचं म्हटलं, तर मग मुंबईत सुकट आणि बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीने जायचं कुठे?

न्यायालयांनी काय म्हटलंय, तेही आधी खरंखरं सांगतो, कारण याबाबत अर्धवट ऐकून लोक खर्चात पडतात. अहमदाबाद महापालिकेने पर्युषणात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवले होते. गुजरात उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, पण १४ मार्च २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूने निकाल दिला. बंदी थोड्या दिवसांची आहे, म्हणून वाजवी आहे, असा त्याचा गाभा. माणूस काय खातो ही त्याची खासगी बाब आहे, हेही त्याच निकालात म्हटलंय. ऋषिकेशमध्ये मांस आणि अंडी विकायला मनाई करणारे उपविधी २००४ मध्ये टिकले. तेव्हा ‘कोर्टात गेलो की बंदी उडणार’ असं कुणी सांगत असेल, तर त्याला फी देऊ नका.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये मीरा-भाईंदरने पर्युषणात आठ दिवस आणि मुंबई महापालिकेने चार दिवस बंदी जाहीर केली. मटण विक्रेत्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. मासे का चालतात, असं न्यायालयाने विचारल्यावर सरकारी बाजूने सांगण्यात आलं की मासे पाण्याबाहेर काढले की आपोआप मरतात, त्यांची कत्तल होत नाही! मुंबई पालिकेने स्वतः वाढवलेले दोन दिवस मागे घेतले, आणि १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. पुढे ६ मे २०१६ रोजी याच उच्च न्यायालयाने राज्याचा गोवंश हत्याबंदी कायदा कायम ठेवला, पण परराज्यात कापलेल्या गोवंशाचं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम ५-ड रद्द केलं. माणसाच्या घरात, त्याच्या ताटापर्यंत सरकारने येऊ नये, असा त्यामागचा विचार होता. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, तेव्हा त्या विचाराला आणखी बळ मिळालं.

माझा निष्कर्ष असा: कत्तलखाना थोडे दिवस बंद ठेवणं पालिकेला बहुधा जमेल. विक्री बंद करणं तिला सिद्ध करावं लागेल. खाणं बंद करणं तिच्या हातातच नाही. कत्तलखाना, दुकान आणि स्वयंपाकघर या तीन वेगळ्या जागा आहेत, आणि आदेशाची भाषा बहुतेक वेळा त्या एकत्र कालवते.

अतिक्रमणाच्या वेषात येणारा आदेश सगळ्यात फसवा. २०२१ मध्ये अहमदाबाद, राजकोट, वडोदरा इथे रस्त्यावरच्या अंडी-आमलेटच्या हातगाड्या उचलायला सुरुवात झाली. गाडीवाले गुजरात उच्च न्यायालयात गेले, तेव्हा लोकांनी काय खायचं हे तुम्ही कसं ठरवता, असं न्यायमूर्तींनी पालिकेला सुनावलं. पालिकेचं म्हणणं, आम्ही फक्त रस्ता मोकळा करतोय. अशा वेळी एकच करा. मोबाइल काढा आणि शेजारच्या पाणीपुरीच्या, सँडविचच्या गाड्यांचा फोटो घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. रस्ता मोकळा करायचा होता तर त्या का राहिल्या? समान वागणुकीचा हक्क इथे कोर्टात उभा राहतो, तो त्या फोटोवर.

त्या दिवशी, त्याआधी, त्यानंतर

त्या दिवशी निरीक्षक आले तर आवाज चढवू नका. बहुतेक वेळा तो माणूस स्वतःही रविवारी मटण खाणारा असतो आणि त्याला हे काम नको असतं. आदेशाची प्रत मागा. प्रत देत नसतील तर फोटो काढू द्या म्हणा. दंड मागितला तर पावती मागा आणि पावतीवर कलम आहे का बघा. पावतीशिवाय रोख देऊ नका. माल उचलला तर जप्तीची यादी करून सह्या घ्या, वजन लिहून घ्या. बंद करायला भाग पाडलं तर त्याच दिवशी पालिकेच्या आवक कक्षात चार ओळींचं पत्र द्या की अमुक वाजता, अमुक आदेश दाखवून दुकान बंद करायला लावलं, आदेशाची प्रत मिळाली नाही. पोच घ्या. वर्षभराने हीच पोच सोन्याची ठरते.

घरात कुणी येऊ पाहत असेल, तर प्रवेशाचे अधिकारही मोजूनमापून दिलेले आहेत. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात एरवी सूर्यास्त ते सूर्योदय प्रवेश करता येत नाही, आणि राहत्या घरात रहिवाशाची संमती नसेल तर २४ तासांची सूचना लागते. जिथे कायद्यानेच वेगळी तरतूद केलीय ते अपवाद सोडून.

माहितीचा अधिकार त्या दिवसासाठी उपयोगाचा नाही. उत्तराला ३० दिवस असतात आणि आदेश निघतो चार दिवस आधी. तो पुढच्या वर्षासाठी वापरायचा. श्रावण, पर्युषण, गांधी जयंती यांच्या दोन महिने आधी अर्ज टाका. महाराष्ट्रात ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत अर्ज करायचा असतो. ‘का केलंत’ असं विचारू नका; त्याला ‘ही माहिती नव्हे’ असं उत्तर येतं. कागद मागा. मी साधारण असं लिहितो:

‘दि. १५/०८/२०२५ रोजी मांसविक्री बंद ठेवण्याबाबतच्या आदेशासंबंधी पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. १) जावक क्रमांकासह मूळ आदेश. २) सदर आदेश ज्या कलमान्वये अथवा उपविधीन्वये काढला त्या तरतुदीची प्रत. ३) आदेशात संदर्भ म्हणून नमूद केलेले सर्व ठराव व परिपत्रके. ४) संबंधित नस्तीतील टिपणी. ५) सदर आदेशान्वये कारवाई झालेल्या दुकानांची संख्या व वसूल केलेली रक्कम दर्शविणारे अभिलेख.’

चौथ्या मुद्द्यात खरा ऐवज असतो. हा विषय कुणी काढला, कुणाच्या पत्रावरून काढला, विधी विभागाने काही शेरा मारला होता का, हे टिपणीत दिसतं. मी पाहिलेल्या एका नस्तीत विधी विभागाचा अभिप्राय मागवला होता आणि तो यायच्या आतच आदेशावर सही झाली होती.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यालाही २० रुपयांचा स्टॅम्प. तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग, पण तिथल्या तारखेची वाट बघत बसू नका. अर्ज टपालाने पाठवत असाल तर रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळं उरलेलं नाही. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालंय. आणि स्वतः दुकानदार असाल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(घ) वेगळं वापरा. प्रशासकीय निर्णयाची कारणं त्या निर्णयाची झळ बसलेल्या माणसाला सांगणं कार्यालयावर बंधनकारक आहे. ‘का’ विचारायची जागा ही.

महापालिकेचा आदेश कायद्याबाहेरचा वाटला तर १९४९ च्या अधिनियमाचं कलम ४५१ लक्षात ठेवा. महापालिकेचा ठराव किंवा आदेश निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार त्यात राज्य सरकारला आहे. नगरविकास विभागाला त्या कलमाचा उल्लेख करून पत्र पाठवा. नगरपरिषद असेल तर १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी. उत्तर येईलच असं नाही. पण मागणी कलमासकट नोंदवलेली असली, की पुढे न्यायालयात ‘तुम्ही आधी कुणाकडे दाद मागितली’ या प्रश्नाला तोंड देता येतं.

आता नगरसेवकही परत आलेत. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. तुमच्या प्रभागात एकापेक्षा जास्त नगरसेवक असतील, तर सगळ्यांना एकच पत्र द्या. पत्रात मांसाहार, धर्म, भावना यांतलं काही नको. मागणी एवढीच, की १९८८ सालचा ठराव आजच्या सभेपुढे पुन्हा ठेवावा आणि त्यावर मतदान घ्यावं. बाजूने की विरोधात, हे नंतर बघू. निदान कुणी हात वर केला ते तरी कळेल.

न्यायालय सगळ्यात शेवटी. दिवाणी दावा लावायचा तर पालिकेला आधी महिन्याची नोटीस द्यावी लागते. उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेला ती अट नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या लोकांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. खाणाऱ्याने एकट्याने जाण्यापेक्षा विक्रेत्यांच्या संघटनेने जावं. तिचं नुकसान रुपयांत मोजता येतं आणि व्यवसायाचा हक्क थेट तिचा असतो. २०१५ मध्ये स्थगिती मिळाली ती विक्रेत्यांच्याच याचिकेवर.

एक घोटाळा मात्र टाळा. ‘आमच्या सोसायटीत मांसाहारींना घर देत नाहीत’, ‘सोसायटीने कुत्रा पाळायला बंदी केली’, अशा तक्रारी घेऊन लोक पालिकेत जातात आणि हात हलवत परत येतात. सोसायटी ही १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखालची संस्था. तिथली वाट वेगळी: उपनिबंधक, सहकार न्यायालय. तो विषय पुन्हा कधीतरी, कारण तिथले कमिटी मेंबर आयुक्तांपेक्षा अवघड असतात.

हे सगळं ज्यांना फार वाटतं, त्यांनी निदान एक करावं. राज्य सरकारच्या २०१८ च्या निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिकेतले अभिलेख नागरिकांना पाहता येतात. पुणे महापालिकेने ही पद्धत आधी सुरू केली होती. अर्ज लागत नाही, फी लागत नाही. जा, तुमच्या शहराचा बंदीच्या दिवसांचा मूळ ठराव काढून मागा आणि स्वतः वाचा. चष्मा विसरू नका; १९८८ चे कागद बहुधा कार्बन कॉपीचे असतात.